‘कर नको’पासून ‘राजाच नको’पर्यंत

इतिहासाच्या गप्पांमध्ये आज आपण जरा लांब जाणार आहोत, अमेरिकेला, आणि तेही अडीचशे वर्षं मागं. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेनं इंग्लंडच्या राजापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, एवढं शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण त्या तारखेच्या जवळजवळ पंधरा महिने आधीच लढाई सुरू झाली होती, हे पाठांतरात कुठं येत नाही. आधी स्वातंत्र्य ठरवलं आणि मग त्यासाठी लढले, असं तिथं झालं नाही. आधी बंदुका चालल्या, माणसं मेली, गावं जळाली, आणि त्यातून ‘आता राजाच नको’ हे हळूहळू ठरत गेलं. ते कसं ठरत गेलं, तेच आज सांगायचं आहे. गटांच्या बैठकांमध्ये आम्ही हा विषय मांडला, तेव्हा बायकांनी भरपूर प्रश्न विचारले. त्यांच्याच अंगानं जाऊ.

पहिला प्रश्न अर्थातच, भांडण कशावरून? तर पैशांवरून. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. लोकसंख्या सुमारे २५ लाख, आणि त्यातली पाच लाखांच्या आसपास माणसं आफ्रिकेतून आणलेली किंवा त्यांच्या पोटी जन्मलेली गुलाम होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. १७६३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं मोठं युद्ध संपलं. इंग्लंड जिंकलं, पण कर्जात बुडालं. कर्ज फेडायला वसाहतींवर कर बसवले. १७६५ मध्ये कोर्टाच्या कागदापासून वर्तमानपत्रापर्यंत, अगदी पत्त्यांच्या कॅटलासुद्धा सरकारी मुद्रांक लागू झाला. लोकांचं म्हणणं असं, की लंडनच्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? आरडाओरडा झाला, कर मागं घेतला गेला, आणि दोन वर्षांत काच, कागद, रंग, चहा यांच्यावर नवा बसला.

त्यावर बहिष्कार आला, आणि बहिष्कार म्हटलं की घर आलं, घर म्हटलं की बाई आली. इंग्लंडचं कापड घ्यायचं नाही म्हणून बायका चरखे घेऊन एखाद्या पाद्र्याच्या घरी जमायच्या आणि दिवसभर सूत कातायच्या. चहाऐवजी रासबेरीच्या पानांचा काढा प्यायच्या. आपल्याकडच्या खादीच्या चळवळीच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट. बाकीचे कर पुन्हा उठले, चहावरचा तेवढा राहिला. मग १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात लोकांनी जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. चहा होता चीनचा आणि माल होता ईस्ट इंडिया कंपनीचा. हो, तीच कंपनी, जी तेव्हा बंगालात महसूल गोळा करत होती आणि मुंबईत बसून पुण्याकडं डोळे लावून होती. शिक्षा म्हणून पार्लमेंटनं बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि शहरात फौज आणून ठेवली.

एवढं होऊनसुद्धा स्वातंत्र्य हा शब्द जवळजवळ कुणाच्या तोंडी नव्हता. १७७४ च्या सप्टेंबरात वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले. त्या सभेला काँटिनेंटल काँग्रेस म्हणतात. त्यांनी काय केलं? राजाला विनंतीअर्ज पाठवला. राजा चांगला, कारभारी वाईट, आपलं म्हणणं राजाच्या कानावर गेलं की सगळं नीट होईल, अशी बहुतेकांची समजूत होती. ते स्वतःला इंग्रजच समजत होते आणि इंग्रजांचे हक्क मागत होते.

आता या समजुतीला तडा कसा गेला ते बघा. बोस्टनमधल्या फौजेचा सेनापती होता जनरल गेज. जवळच्या काँकर्ड गावात लोकांनी दारूगोळा साठवलाय अशी खबर त्याला लागली. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री त्यानं सुमारे सातशे शिपाई तो जप्त करायला पाठवले. स्वारांनी रात्रीतूनच गावोगाव वर्दी दिली. पहाटे वाटेत लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर सत्तर-ऐंशी गावकरी बंदुका घेऊन उभे होते. शेतकरी, कारागीर, म्हातारे, पोरं. पहिली गोळी कुणी झाडली यावर आजही वाद आहे. धूर विरला तेव्हा आठ गावकरी मरून पडले होते. फौज पुढं काँकर्डला गेली, तिथं चकमक झाली, आणि परत फिरताना सगळ्या वाटेवर झाडांमागून, गडग्यांमागून गोळ्या बरसल्या. रस्त्यालगतच्या घरांतल्या बायका पोरांना काखेत मारून शेजारच्या गावांना पळाल्या. संध्याकाळपर्यंत ७३ इंग्रज शिपाई आणि ४९ गावकरी मेले होते.

एका दिवसाची चकमक होती ही, पण तिनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, आजूबाजूच्या प्रांतांतून पंधरा-वीस हजार माणसं बोस्टनभोवती येऊन बसली आणि फौज शहरात कोंडली गेली. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी लगेच प्रत्यक्ष बघणाऱ्यांचे जबाब शपथेवर लिहून घेतले आणि वेगवान जहाजानं लंडनला धाडले. गेजचा स्वतःचा अहवाल पोचायच्या आधी हे कागद तिथं पोचले. आपली बाजू आधी आणि लेखी मांडायची, हे त्यांना बरोबर कळलं होतं. तेच जबाब तेरा वसाहतींच्या वर्तमानपत्रांत छापून आले. ज्यांनी बोस्टन कधी पाहिलं नव्हतं, त्यांनाही आता मेलेल्यांची नावं माहीत झाली.

दोन महिन्यांनी, १७ जूनला, बोस्टनसमोरच्या टेकडीवर बंकर हिलची लढाई झाली. टेकडी शेवटी इंग्रजांनी घेतली, कारण गावकऱ्यांची दारू संपली. पण त्यासाठी इंग्रजांची हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. खाली चार्ल्सटाउन नावाचं अख्खं गाव जळालं. दहा मैलांवरच्या एका टेकडीवरून ॲबिगेल ॲडम्स आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन तो धूर बघत होती. नवरा जॉन काँग्रेसच्या कामासाठी फिलाडेल्फियाला, घरी शेती आणि चार मुलं हिच्या अंगावर. त्या लढाईत जोसेफ वॉरेन नावाचे डॉक्टर मारले गेले. ते या कुटुंबाचे डॉक्टर होते. मुलाचं बोट मोडलं होतं, ते कापायची वेळ आली होती, आणि वॉरेननी ते वाचवलं होतं. तो मुलगा, जॉन क्विन्सी, पुढं अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष झाला आणि ही लढाई त्यानं म्हातारपणापर्यंत आठवणीत ठेवली. अशा घराला ‘आता मिटवून घ्या’ म्हणून सांगणं किती अवघड असेल, याचा विचार करा.

तरीही मिटवायचा प्रयत्न झाला. जुलैमध्ये काँग्रेसनं राजाला आणखी एक अर्ज पाठवला, समेटाचा. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टनला सेनापती नेमलेलं, दुसऱ्या बाजूला राजापुढं हात जोडलेले. बैठकीत एका काकूंनी विचारलं, “मग यांचं नक्की काय चाललं होतं?” खरं तर त्यांचंच ठरत नव्हतं. पण बंकर हिलची बातमी लंडनला पोचली आणि तिकडं ठरलं. राजा तिसऱ्या जॉर्जनं अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. २३ ऑगस्टला त्यानं वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. कारभारी वाईट आणि राजा चांगला, ही आशा राजानं स्वतःच मोडली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एकेक घटना अशी घडली, की काठावरची माणसं इकडं ढकलली गेली. ऑक्टोबरात इंग्रजी आरमारानं फाल्मथ नावाचं किनाऱ्यावरचं गाव तोफा डागून जाळलं. थंडीच्या तोंडावर शेकडो कुटुंबं उघड्यावर आली. ज्या राजाला आपण अर्ज करतोय, त्याचीच जहाजं आपली घरं जाळताहेत, हे आता सगळ्या किनारी गावांना दिसलं.

दक्षिणेत वेगळंच घडलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर होता लॉर्ड डनमोर. त्याच्याकडं फौज कमी होती. नोव्हेंबर १७७५ मध्ये त्यानं जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम माझ्याकडं येऊन राजासाठी लढतील, त्यांना मी मुक्त करतो. शेकडो माणसं रातोरात मळे सोडून पळाली, काही बायका तर पोरं पाठीला बांधून. त्यातली कितीतरी पुढं देवीच्या साथीत मेली. पण या जाहीरनाम्यानं गोरे मळेवाले इतके भडकले, की जे आतापर्यंत राजाशी जुळवून घेऊ म्हणत होते, तेही ‘आता वेगळं व्हायचंच’ म्हणू लागले. म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या मागणीमागं एक कारण असंही होतं, की दुसऱ्याला स्वातंत्र्य मिळू नये. हे ऐकून आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, “ताई, हे पुस्तकात का नसतं?” आम्ही तिला म्हटलं, नव्या पुस्तकांत असतं, आपणच जुनी वाचतो.

१० जानेवारी १७७६ ला टॉमस पेन नावाच्या माणसाचं ‘कॉमन सेन्स’ हे छोटं पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. पेन इंग्लंडहून येऊन वर्षाहून थोडाच जास्त काळ झाला होता. राजा हवाच कशाला, असा सरळ प्रश्न त्यानं साध्या भाषेत विचारला. पुस्तक हातोहात गेलं, खानावळींत मोठ्यानं वाचलं गेलं. या पुस्तकानं क्रांती केली असं बरेच जण सांगतात. आम्हाला तसं पूर्ण पटत नाही. पेननं स्वतःच लिहून ठेवलंय, की १९ एप्रिल १७७५ पर्यंत तोही समेटाच्याच बाजूचा होता. लेक्सिंग्टननं आधी पेनला बदललं, मग पेननं लोकांना. हेच पुस्तक दोन वर्षं आधी निघालं असतं, तर किती जणांनी हातात धरलं असतं कोण जाणे.

लढाई आणि ठराव यांचा सांधा कसा जुळतो, ते नॉर्थ कॅरोलायनात अगदी स्वच्छ दिसतं. तिथं राजाच्या बाजूचेही पुष्कळ लोक होते, विशेषतः स्कॉटलंडहून येऊन वसलेले. २७ फेब्रुवारी १७७६ ला मूर्स क्रीकच्या पुलावर त्यांची आणि काँग्रेसवाल्यांची गाठ पडली. पुलाच्या फळ्या आधीच उचकटून ठेवल्या होत्या. काही मिनिटांत राजाची माणसं हरली, शेकडो पकडली गेली. प्रांतात राजाच्या बाजूनं उभं राहायला जोर उरला नाही. आणि सुमारे सहा आठवड्यांनी, १२ एप्रिलला, हॅलिफॅक्स गावी प्रांताच्या सभेनं ठराव केला, की आमच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत द्यायला हरकत नाही. तेरांपैकी असा ठराव करणारा हा पहिला प्रांत.

उत्तरेत तोवर बोस्टन मोकळं झालं होतं. हेन्री नॉक्स नावाच्या पंचविशीतल्या पुस्तकविक्रेत्यानं तीनशे मैलांवरच्या टिकोंडेरोगा किल्ल्यावरून साठेक तोफा बर्फावरून, बैलांनी ओढायच्या घसरगाड्यांवर घालून आणल्या. मार्चमध्ये एका रात्रीत त्या शहरावरच्या टेकडीवर चढल्या. सकाळी इंग्रजांनी वर पाहिलं आणि १७ मार्चला शहर सोडून ते जहाजांत बसले. दोन आठवड्यांनी, ३१ मार्चला, ॲबिगेलनं नवऱ्याला पत्र लिहिलं. फौज गेल्यावर आलेला सुटकेचा श्वास त्या पत्रात आहे. आणि त्याच पत्रात तिनं बजावलंय, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांचाही विचार करा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. जॉननं उत्तरात ते हसण्यावारी नेलं.

मग काँग्रेस थांबली कशासाठी? काही प्रांत अजून तयार नव्हते. पण दोन गोष्टींनी घाई झाली. राजानं जर्मन संस्थानिकांकडून हजारो भाडोत्री शिपाई घेतल्याची पक्की बातमी मे महिन्यात आली. घरच्या भांडणात बाहेरचे गुंड आणल्यासारखं ते लोकांना वाटलं. दुसरी गोष्ट दारूची, म्हणजे बंदुकीच्या. वॉशिंग्टननं सूत्रं हातात घेतल्यावर हिशेब केला, तेव्हा माणशी नऊ-दहा बारांपुरतीच दारू निघाली होती! दारू, बंदुका, पैसा द्यायला फ्रान्ससारखा मोठा देश हवा. पण फ्रान्स उघड मदत कुणाला करणार? उद्या राजाशी समेट करून मोकळे होतील अशा रयतेला? आधी तुम्ही वेगळा देश आहात हे सांगा, असा तो व्यवहार होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेवढा लोकांसाठी होता, तेवढाच पॅरिसमध्ये वाचला जावा म्हणूनही होता. २ जुलैला मत झालं, ४ जुलैला मसुदा मंजूर झाला. आणि नेमक्या त्याच दिवसांत न्यूयॉर्कसमोर इंग्रजांचं प्रचंड आरमार येऊन नांगर टाकत होतं.

९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये फौजेला जाहीरनामा वाचून दाखवला. त्या रात्री जमावानं राजाचा शिशाचा पुतळा पाडला. त्या शिशाचे तुकडे कनेक्टिकट प्रांतातल्या लिचफील्ड गावी गेले, आणि तिथल्या बायका-मुलींनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या. हिशेबाची नोंद राहिली आहे, ४२,०८८ गोळ्या. कुणी किती केल्या, तेही नावांसकट. गटाच्या वहीत लिहितो तसं.

जाहीरनामा झाला, पण कागद टिकतो की नाही हे मैदानावरच ठरणार होतं, आणि पहिले सहा महिने तो टिकेल असं दिसत नव्हतं. ऑगस्टमध्ये लाँग आयलंडवर वॉशिंग्टन सपाटून हरला. रात्रीच्या अंधारात नऊ हजारांच्या आसपास माणसं नावांतून नदीपलीकडं काढली म्हणून फौज वाचली. सप्टेंबरात इंग्रजांनी बोलणी लावली: जाहीरनामा मागं घ्या, मग बोलू. काँग्रेसचे तिघे गेले होते, त्यांनी नाही म्हटलं. नोव्हेंबरात फोर्ट वॉशिंग्टन पडला, अडीच हजारांवर माणसं कैद झाली. त्याच किल्ल्यावर मार्गारेट कॉर्बिन आपल्या तोफची नवऱ्यासोबत होती. फौजेबरोबर अशा पुष्कळ बायका असत, स्वयंपाक, धुणं, जखमींची सेवा करायला. नवरा तोफेपाशी मारला गेला, तेव्हा तिनं तोफ चालवली. ती स्वतः जबर जखमी झाली, एक हात कायमचा निकामी झाला. १७७९ मध्ये काँग्रेसनं तिला शिपायाच्या निम्म्या पगाराचं पेन्शन दिलं. काम पूर्ण शिपायाचं, पेन्शन निम्मं. यावर आमच्या बैठकीत जे हशे आणि टोमणे झाले, ते इथं छापण्यासारखे नाहीत.

फौज न्यूजर्सी प्रांतातून मागं मागं हटत गेली. लोक घाबरले. इंग्रजांनी माफी जाहीर केली, तेव्हा हजारोंनी राजनिष्ठेची शपथ घेऊन संरक्षणाची चिठ्ठी घेतली. स्वातंत्र्याची मागणी तिथं जवळजवळ संपली होती. पण मग इंग्रज आणि जर्मन शिपायांनी लुटालूट सुरू केली. चिठ्ठी दाखवणाऱ्याचंही घर लुटलं, गुरं नेली. बायका-मुलींवर अत्याचार झाले. त्यातल्या काहींनी पुढं न्यायाधीशासमोर शपथेवर जबाब दिले, ते कागद आजही जपलेले आहेत. त्या काळात, ती लाज अंगावर घेऊन, नाव सांगून जबाब देणं म्हणजे काय असेल! ज्यांनी राजाची शपथ घेतली होती, तीच माणसं काही आठवड्यांत बंदूक घेऊन फौजेवर छापे घालू लागली.

आणि २५ डिसेंबरच्या रात्री वॉशिंग्टननं डाव टाकला. ३१ डिसेंबरला बहुतेक शिपायांची मुदत संपत होती, म्हणजे आठवडाभरात फौजच उरली नसती. सुमारे २,४०० माणसं बर्फ वाहून नेणाऱ्या डेलावेअर नदीतून रात्री नावांनी पलीकडं गेली आणि सकाळी ट्रेंटन गावी जर्मन शिपायांना गाठलं. नऊशेच्या आसपास कैद झाले. लढाई तशी लहानच. पण तिच्यामुळं शिपाई थांबले, नवे भरती झाले, आणि लोकांना वाटलं की अजून जीव आहे.

पुढच्या वर्षी कॅनडाकडून जनरल बर्गॉइन खाली उतरला. वाटेत जेन मॅक्रे नावाची तरुण मुलगी त्याच्या बाजूच्या आदिवासी योद्ध्यांच्या हातून मारली गेली. खरं तर तिचा होणारा नवरा राजाच्याच फौजेत होता. पण वर्तमानपत्रांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून घरोघर नेली. तिचे केस किती लांब होते इथपर्यंत वर्णनं आली, आणि आदिवासींविरुद्धचा राग वर्षानुवर्षं पेटता ठेवायला ती वापरली गेली. मुलगी मेली ते दुःख खरं, तिचा झालेला वापरही खरा. स्वयंसेवकांची रीघ लागली. १७ ऑक्टोबर १७७७ ला साराटोगा इथं बर्गॉइननं सगळ्या फौजेसह शरणागती दिली.

साराटोगानं फ्रान्सची खात्री पटली. ६ फेब्रुवारी १७७८ ला तह झाला. घाबरलेल्या लंडननं तेव्हा शिष्टमंडळ पाठवलं. कर नको? बरं, नाही बसवत. स्वतःचा कारभार हवा? घ्या. फक्त राजा तेवढा ठेवा. मैत्रिणींनो, १७७४ मध्ये अर्ज करून जे मागितलं होतं, त्याहून जास्त आता समोर आणून ठेवलं होतं! तेव्हा एवढ्यावर तेरा वसाहतींनी दिवाळी केली असती. आता काँग्रेसनं बोलणीही केली नाहीत. मधल्या चार वर्षांत जी माणसं पुरली होती, त्यांच्यानंतर तो सौदा होण्यासारखा राहिला नव्हता.

लढाई अजून साडेतीन वर्षं चालली. १२ मे १७८० ला दक्षिणेतलं चार्ल्स्टन पडलं, पाच हजारांवर माणसं कैद झाली. सगळ्या युद्धातला हा फार मोठा पराभव. त्या बातमीनंतर फिलाडेल्फियातल्या एस्थर रीड हिनं बायकांच्या नावे एक पत्रक काढलं. जन्मानं ती लंडनची. पदरात लहान मुलं, सर्वांत धाकटं तर नुकतंच जन्मलेलं. शहराचे भाग पाडून बायका जोडीजोडीनं दारोदार फिरल्या. त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं वर्गणी मागत फिरणं म्हणजे शोभा समजत. राजाच्या बाजूच्या एका बाईनं पत्रात कुरकुर केली आहे, की पिच्छा सोडवायला लोक काहीतरी देऊन टाकतात. सोळाशेवर लोकांनी दिलं. यादीत फिलिस नावाच्या काळ्या बाईचे साडेसात शिलिंगही आहेत. एकूण तीन लाखांवर कागदी डॉलर जमले. काँग्रेसनं नोटा इतक्या छापल्या होत्या, की चाळीस कागदी डॉलरला एक खरा डॉलर असा भाव होता. म्हणजे हातात पडले साडेसात हजार. बचत करणाऱ्या बाईला महागाई कशी खाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढं गंमत झाली. एस्थरला वाटत होतं, प्रत्येक शिपायाच्या हातात दोन खरे डॉलर द्यावेत, त्याला आपली भेट कळावी. वॉशिंग्टन म्हणाला, पैसे दारूत जातील, सदरे द्या. पत्रापत्री झाली, शेवटी सदरे ठरले. ते शिवून व्हायच्या आत, सप्टेंबरात, एस्थर आजारानं गेली. वय तेहतीस. बेंजामिन फ्रँकलिनची मुलगी सारा बाश हिनं काम पुढं नेलं. बाहेर शिवायला मजुरी द्यायची नाही म्हणून बायकांनी स्वतः कापून, शिवून दोन हजारांहून जास्त सदरे पाठवले. प्रत्येक सदऱ्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव होतं.

१७८१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस अडकला. जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच फौज, समुद्रात फ्रेंच आरमार. अन्न संपत आलं तेव्हा त्यानं आश्रयाला आलेल्या काळ्या माणसांना छावणीबाहेर हाकललं. देवीनं आजारलेली ती माणसं दोन फौजांच्या मधल्या रानात मेली. डनमोरच्या शब्दावर मळे सोडणाऱ्यांची ही अखेर. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसनं सात हजारांवर शिपायांसह शरणागती दिली. लंडनचं सरकार पडलं, आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहात इंग्लंडनं स्वातंत्र्य मान्य केलं.

हा कॉर्नवॉलिस आपल्याला अनोळखी नाही. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्याच बाजूनं होत्या. १८०५ मध्ये तो गाझीपूरला मेला, थडगं तिथंच आहे. अमेरिकेत लढाई चालू होती त्याच वर्षांत आपल्याकडं मराठे आणि मुंबईकर इंग्रज लढत होते. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी हार खाल्ली आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. तेव्हा लंडनला दोन्हीकडच्या बातम्या एकाच वेळी पोचत होत्या.

शेवटी एक गोष्ट, जी प्रत्येक बैठकीत विचारली जाते: मग बायकांना काय मिळालं? न्यूजर्सीनं आपली राज्यघटना २ जुलै १७७६ ला मंजूर केली, इंग्रज आरमार किनाऱ्यावर दिसत असताना, काही दिवसांत लिहून. त्या घाईच्या कागदात मतदाराची अट होती पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला ‘रहिवासी’. पुरुष असावा असं लिहिलेलंच नव्हतं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरत, म्हणून ती बाद. पण विधवा आणि अविवाहित बायका मत द्यायला जाऊ लागल्या, काही काळी माणसंही. पुढच्या निवडणुकांमध्ये हे मत मोजण्याइतकं झालं. १८०७ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मत मिळालं ते १९२० मध्ये.

प्रश्न असतील तर बैठकीत विचारा.